कोळशाची मोटार

जुन्या पिढीतील माणसे लढाईच्या दिवसांतील प्रवासाची हकीकत सांगू लागली म्हणजे तीत एक प्रसंग हमखास यायचा. मोटारस्टँडवर उतारू येऊन बसलेले आहेत, टपावर वळकट्या-बोचकी चढली आहेत, ड्रायव्हर विडी ओढीत उभा आहे, आणि मोटार काही केल्या सुटत नाही. मोटारीच्या पाठीमागे पत्र्याची एक उंच भट्टी बसविलेली. क्लीनर तिच्या पंख्याचा दांडा गरागरा फिरवतो आहे. कोळसे फुलत आहेत, धूर निघतो आहे, क्लीनरच्या कपाळावरून काळा घाम ओघळतो आहे. दहा मिनिटे जातात, वीस जातात, मग एकदाची मोटार खोकते, थरथरते आणि निघते. पुढे चढ लागला की सर्वांनी खाली उतरून ढकलायचे. पैसे देऊन पायी चालायचे आणि वर मोटारही ढकलायची, असा तो प्रवास.

ही हकीकत हसण्यासाठी सांगितली जाई, आणि आम्हीही ती ऐकून हसलो आहोत. परंतु त्या धुरकट वाहनाचा विचार थोडा गंभीरपणे केला तर ध्यानात येते, की ज्या काळी आपल्या देशात मोटारीचे इंजिन तयार होत नव्हते, पेट्रोल बाहेरून येत होते, यंत्राच्या सुट्या भागांचीही तीच कथा होती, त्या काळी त्या मोटारीवर एकच वस्तू अशी होती की जी आपल्या गावचा कारागीर करू शकत होता आणि जिचे इंधन आपल्या शिवारात मिळत होते. ती वस्तू म्हणजे ही भट्टी. तिची गोष्ट आज आपण पाहणार आहोत.

१९३९ साली युद्ध पेटले तेव्हा त्याची झळ इकडे एकदम लागली नाही. १९४१ साली पेट्रोलचे नियंत्रण आले, कूपने आली. पुढच्या वर्षी मात्र परिस्थिती पार पालटली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले, आणि एप्रिलमध्ये येनानजाउंगच्या तेलविहिरी जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तिकडचे रॉकेल आणि पेट्रोल आपल्या अंगवळणी पडलेले होते. मलाया गेला तसे रबरही गेले. उरले ते आसामातील दिगबोईचे थोडे तेल आणि इराणकडून जहाजाने येणारे. त्यावर पहिला हक्क लष्कराचा. सोलापूर-पंढरपूर धावणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा नंबर त्यात कोठे लागणार?

आणि मोटार तर थांबवून चालणार नव्हते. आपला जिल्हा मोठा, गावे विखुरलेली. आगगाडीचा फाटा मुंबई-मद्रास मार्गावर. कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी एका अंगाला पंढरपूर-मिरजेकडे आणि दुसऱ्या अंगाला बार्शी-लातूरकडे जाई. त्या रुळांपासून जी गावे दूर, त्यांना बैलगाडी किंवा मोटार. बाजाराचे दिवस, कोर्टाच्या तारखा, आजारी माणूस, वारी, तुळजापूरची नवरात्र ही काही युद्धाकरिता थांबत नाहीत. तेव्हा सरकारने आणि मोटारमालकांनी जो मार्ग धरला तो युरोपात आधीच मळलेला होता.

त्या मार्गाचा उगम शंभर वर्षे मागे जातो. घट्ट इंधन अपुऱ्या हवेत जाळले तर त्यातून जळण्याजोगा वायू निघतो, ही गोष्ट १८३९ च्या सुमारास जर्मनीत बिशोफ याने भट्टी बांधून दाखविली. पुढे सीमेन्स बंधूंनी पोलाद आणि काच वितळविण्यासाठी तिचा उपयोग केला. विसाव्या शतकाच्या आरंभी तोच वायू शोषून घेणारी स्थिर इंजिने कारखान्यांतून फिरू लागली. ही भट्टी चाकांवर चढवून मोटारीला जोडण्याचे श्रेय मुख्यतः झॉर्झ इंबेर या फ्रेंच रसायनज्ञाला द्यावे लागते. १९२० नंतरच्या दशकात त्याने सिद्ध केलेली लाकडाची भट्टी पुढे जर्मनीत हजारोंनी तयार झाली. युद्ध संपताना एकट्या जर्मनीत सुमारे पाच लक्ष वाहने अशा वायूवर चालत होती. स्वीडन लढाईत नव्हते, पण समुद्रमार्ग बंद झाल्याने तेलाला पारखे झाले. तिथे सत्तर हजारांहून अधिक गाड्यांवर भट्ट्या चढल्या. मोटारगाडीला कोळसा आणि मालमोटारीला लाकूड असा तिकडचा कल होता. रशियाने तर या कल्पनेला तिच्या माहेरीच नेऊन सोडले. झेड.आय.एस.-२१ ही लाकडावर चालणारी मालमोटार त्यांनी युद्धापूर्वीच काढली होती. युद्ध संपल्यावर एक-दोन वर्षांतच के.टी.-१२ नावाचा ट्रॅक्टर निघाला. तो जंगलात तोडलेले सोट ओढून काढी, आणि त्याच जंगलातील लाकडाचे तुकडे खाऊन चाले. बैल ज्या शेतात राबतो त्याच शेताचा कडबा खातो, तसाच हा प्रकार.

आता ही भट्टी काम कशी करते ते पाहू. श्रोत्यांपैकी काहींना यंत्राचे वावडे असेल. परंतु ज्यांनी घरी शेगडी पेटविली आहे त्यांना यात अवघड असे काही नाही.

कोळसा भरपूर हवेत जळला तर त्याचा कार्बनिक आम्ल वायू होतो; त्यात पुढे जळण्याजोगे काही उरत नाही. पण भट्टीत कोळशाचा थर जाड असेल आणि हवा एका नळीनेच आत येत असेल तर नळीच्या तोंडाशी कोळसा प्रखर जळतो, उष्णता हजार अंशांच्या पुष्कळ वर जाते, आणि तिथे झालेला हा वायू पुढच्या लालबुंद कोळशांतून जाताना त्यांतला आणखी कार्बन उचलतो. त्यापासून कार्बन मोनॉक्साइड होतो. हा जळतो, निळ्या ज्योतीने जळतो. शेगडीत रसरसलेल्या निखाऱ्यांवर जी निळी ज्योत नाचताना दिसते ती हीच. जोडीला पाण्याची वाफ असेल तर ती निखाऱ्यावर फुटते आणि तीतून हायड्रोजन मिळतो. म्हणून काही भट्ट्यांत हवेच्या वाटेवर थेंबथेंब पाणी सोडण्याची सोय असे. असा वायू भट्टीतून निघे तेव्हा तो तापलेला आणि राखेने भरलेला असे. त्याला लांब नळ्यांतून फिरवून थंड करायचे, कापड, काथ्या किंवा तेल यांच्या गाळण्यांतून गाळायचे, आणि मग इंजिनाच्या तोंडाशी जवळजवळ तितक्याच हवेत मिसळून आत सोडायचे. इंजिन एकदा चालू झाले की तेच आपल्या ओढीने भट्टीतून वायू खेचून घेते. क्लीनरचा पंखा फक्त आरंभापुरता.

मग मोटार चढावर का दमत असे? या वायूचा निम्म्याहून जास्त भाग म्हणजे हवेतला नायट्रोजन. तो जळत नाही, नुसता ओझे होऊन येतो. पेट्रोल आणि हवा यांच्या एक घनमीटर मिश्रणात सुमारे ३८०० किलोज्यूल उष्णता असते. या वायूच्या मिश्रणात २५०० च्या आसपास. म्हणजे सिलिंडर तेवढेच, घास तेवढाच, पण अन्न निकस. त्यात वायू पुरता थंड झाला नसला तर तो फुगलेला असतो आणि घासही लहान होतो. ज्योत मंद पसरते म्हणून ठिणगी थोडी आधी पाडावी लागते. हे ज्या ड्रायव्हरला साधत नसे त्याची मोटार आणखी मरगळे. सर्व हिशेब केला तर इंजिनाची ताकद चाळीस ते पन्नास टक्क्यांनी घटते. सपाटीवर त्याचे काही वाटत नाही. सोलापूरचा माळ या दृष्टीने दयाळू. पण तुळजापूरकडे निघालात की देवीच्या पायथ्याशी बालाघाटाचा चढ उभा राहतो, आणि पंढरपूरचा रस्ता जसा निभावतो तसा तो निभावत नाही. (तुळजापूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, हेही सांगितले पाहिजे. त्या राज्यात १९३२ पासूनच सरकारी बस होती; आरंभी गाड्या २७. मुंबई इलाख्याला सरकारी बसचे दर्शन त्यानंतर सोळा वर्षांनी झाले.)

यात एक प्रश्न आम्हांस बराच वेळ सतावीत होता. युरोपात लाकूड सरळ भट्टीत टाकीत, मग आपल्याकडे कोळसाच का? लाकूड तापले की त्यातून डांबरासारखा चिकट राळ निघतो. तो गाळणीतून निसटून इंजिनात गेला की झडपा चिकटतात आणि सारे यंत्र उतरवावे लागते. लाकडाच्या भट्टीत हा राळ निखाऱ्यांतून खाली ओढून जाळून टाकावा लागतो. त्यासाठी आतला गळा नेमक्या मापाचा, भारी लोखंडाचा लागतो, लाकडाचे तुकडे सारखे कापावे लागतात आणि त्यांत ओल शेकडा वीसपेक्षा कमी असावी लागते. कोळशात राळ आधीच जळून गेलेला असतो. म्हणून कोळशाची भट्टी साधी, हलकी, आणि कोणत्याही बऱ्या वर्कशॉपात होण्याजोगी. मदुरेच्या टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांच्या प्रसिद्ध पेढीने युद्धकाळात स्वतःचा गॅस प्लँट तयार केला तो याच काळातला. शिवाय कोळशाचा बाजार आपल्याकडे आधीपासून होता. गिरणीचा तो दगडी कोळसा आणि घरचा तो लोणारी कोळसा, हा भेद आपल्या भाषेनेच केलेला आहे. चुना आणि कोळसा करणाऱ्या लोणारी समाजाचे नाव त्या वस्तूला कायमचे चिकटले.

परंतु या सोयीची किंमत होती. ती कोठे पडली हे पाहण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. सोलापूर ते पंढरपूर सुमारे ७२ किलोमीटर. त्या काळची मोटार एका लिटरला ५ किलोमीटर जाते असे धरले तर १४ लिटर पेट्रोल लागेल. एका लिटरच्या जागी सुमारे १.३ किलो कोळसा लागतो. म्हणजे १८ किलो. हे फार नाही, एक पोते. पण हा कोळसा मातीने लिंपलेल्या भट्टीत करताना पाच-सहा किलो लाकडामागे एक किलो हाती लागतो. बाकीचा धूर. तेव्हा पंढरपूरच्या एका खेपेमागे १०० किलो लाकूड गेले. जाऊन येऊन २००. वर्षातून ३०० दिवस ही एक मोटार धावली तर ६० टन. हेच लाकूड सरळ मोटारीच्या भट्टीत जाळले असते तर लिटरमागे ३ किलो पुरते. वर्षाला २५ टनांत काम भागते. म्हणजे साध्या भट्टीपायी आपण दुपटीहून अधिक झाडे जाळीत होतो. मोटारीच्या धुराकडे सर्वांचे लक्ष होते. रानातल्या भट्टीच्या धुराकडे कोणाचे नव्हते.

तो धूर ज्यांच्या डोळ्यांत गेला त्यांचा उल्लेख युद्धाच्या इतिहासात येत नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील कातकरी मूळचे काताचे काम करणारे. जंगलचे कायदे आले, काताचा धंदा सुटला, आणि ही माणसे ठेकेदाराची उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर लागली. पावसाळ्यात घरी उपासमार, तेव्हा उचल घ्यायची. पावसाळा सरला की बायकापोरांसह रानात जायचे, झाड तोडायचे, रचायचे, मातीने लिंपायचे, रात्रंदिवस जागून भट्टी भडकू द्यायची नाही, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब होई तेव्हा उचल फिटलेली नसायची. हा क्रम युद्धापूर्वीही होता आणि युद्धानंतर कितीतरी वर्षे चालू राहिला; भट्ट्यांच्या मागे ही कुटुंबे घाट ओलांडून देशावर, कर्नाटकापर्यंत येत राहिली. युद्धकाळी लष्कराच्या लाकडासाठी देशभरची जंगले जरुरीपेक्षा जास्त तोडली गेली, हे वनखात्याच्या जाणकारांनीच पुढे मान्य केले. त्या तोडीत मोटारीचा वाटा किती आणि आगगाडीच्या स्लीपरांचा किती, याचा हिशेब करणारे त्या वेळी कोणी नव्हते. मोटार ढकलणारा उतारू आपल्याला ठाऊक आहे, कारण तो लिहिता-बोलता होता. भट्टी लिंपणारा तसा नव्हता.

दुसरी किंमत मोटारीजवळच मोजली जाई. कार्बन मोनॉक्साइड हा वायू जहरी आहे. प्राणवायू वाहून नेणारे आपल्या रक्तातील जे द्रव्य, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट धरून बसतो. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते, आणि माणसाला वाटते की जरा पडावे. पडला तो उठत नाही. दारे-खिडक्या लावून शेगडी घेऊन निजू नये, असे आपल्या घरांतून सांगत ते याच कारणाने. मोटार धावत असताना धोका त्या मानाने कमी. इंजिन आत ओढीत असते, तेव्हा नळीला चीर असली तरी बाहेरची हवाच आत जाते. धोका असे तो पंखा फिरविताना, भट्टीचे झाकण उघडून कोळसा भरताना, आणि सर्वांत जास्त मोटार थांबल्यानंतर, कारण आतले निखारे काही लगेच विझत नाहीत. मुक्कामाच्या गावी मोटार छपराखाली लावून तिच्याशेजारीच क्लीनर अंग टाकी. युरोपातील सरकारांनी अशी मोटार बंद छपराखाली ठेवू नये म्हणून नियम केले आणि ड्रायव्हरांना शिक्षण दिले. आपल्याकडे क्लीनर हा बहुधा बारा-चौदा वर्षांचा पोर. त्याला नियम कोणी वाचून दाखविला असेल असे आम्हांस वाटत नाही.

इंजिनाचेही हाल होत. गाळणी फाटली की राख सिलिंडरात. राख म्हणजे बारीक वाळूच. रिंगा झिजत, तेल काळे पडे. रोज गाळणी झाडायची, राख काढायची, नळ्या पुसायच्या. हा खटाटोप ज्या मालकाने नेटाने केला त्याची मोटार युद्ध संपेपर्यंत टिकली. ज्याने आळस केला त्याची मोटार विटांवर चढली, कारण सुटे भाग मिळत नव्हते.

या सुट्या भागांपाशी आले की सोलापूरकराला आपल्या गावच्या एका माणसाची आठवण होणे साहजिक आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली याच शहरात जन्मले. देशात मोटारी तयार झाल्या पाहिजेत हा ध्यास त्यांनी १९३९ पासून घेतला होता. सर विश्वेश्वरय्यांनी त्याआधी तीनचार वर्षे तशी योजना मांडलेली होती आणि मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दिल्लीच्या सरकारने मोटारीचा कारखाना हे युद्धकार्य मानण्याचे नाकारले. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली, करार झाला, पण परवानगी आणि यंत्रसामग्री यांवाचून सारे अडून राहिले. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी व्हायला १९४४ उजाडले आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडायला १९४७. युद्धाची सारी वर्षे या देशाने परदेशी इंजिनाच्या पाठीवर देशी भट्टी बांधून काढली. कारखाना १९४० साली उभा राहता तर पेट्रोल काही जास्त आले नसते, हे खरे. पण रिंगा आणि झडपा इथे मिळाल्या असत्या, आणि भट्टीच्या वायूला साजेसे इंजिन घडविण्याचा विचार तरी कोणी केला असता. पेट्रोलचे इंजिन घ्यायचे आणि त्याला निकस वायू पाजायचा, ही मुळातच तडजोड होती. त्या तडजोडीचा दोष नंतर सगळा भट्टीच्या माथी आला.

युद्ध संपले. पेट्रोल हळूहळू मिळू लागले तशा भट्ट्या उतरल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि खाजगी सर्व्हिस मोटारींचे युग आटोपू लागले. त्यानंतर आले डिझेल. पाच-दहा वर्षांत कोळशाची मोटार ही केवळ सांगण्याची गोष्ट झाली. आम्ही तिच्यासाठी डोळे गाळणार नाही. ज्याला तासाभरात बाजार गाठायचा आहे त्याने डिझेलची बस पसंत केली यात त्याचे काहीही चुकले नाही. स्वीडनने मात्र थोडे निराळे केले. पुन्हा असा प्रसंग आला तर हाताशी असावी म्हणून १९५७ साली तिथल्या सरकारने व्होल्व्हो कंपनीबरोबर भट्टीचा नमुना ठरविण्याचे काम सुरू केले. प्रसंग संपल्यावर बारा वर्षांनी! आपल्याकडे भट्टी भंगारात गेली आणि तिच्याबरोबर ती चालविण्याची विद्याही गेली.

ती विद्या पुन्हा शोधण्याचे काम आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, दर चौपट झाले, आणि जगभर जुन्या भट्ट्यांची कागदपत्रे पुन्हा उघडली गेली. साताऱ्याच्या फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेली कृषिसंशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी यांनी १९८० नंतर या विषयावर प्रयोग आरंभिले. लाकडाच्या तुकड्यांवर चालणारी, वरून उघडी भट्टी त्यांनी पाच अश्वशक्तीच्या डिझेल पंपाला जोडली. इंजिनाला थोडे डिझेल ठिणगीपुरते, बाकीचे काम वायूचे. त्याचा अनुभव त्यांनी १९८९ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी उसाच्या पाचटाकडे मोर्चा वळविला. पाचट हलके, भुसभुशीत, भट्टीत मध्येच अडकून राहणारे आणि राख फार. १९४२ च्या क्लीनरने ते पाहताच हात जोडले असते. तरी त्यावर चालणारी भट्टी उभी राहिली, आणि तिचा वायू इंजिनापेक्षा कारखान्यातील तापविण्याच्या कामाला अधिक सोयीचा ठरला.

त्याच सुमारास सरकारनेही शेतकऱ्यांना सवलतीत असे पंप दिले. त्याचा शेवट सांगण्याजोगा आहे. कितीएकांनी सवलतीतले इंजिन ठेवून घेतले आणि भट्टी बाजूला टाकली. लाकूड बारीक कापा, वाळवा, राख काढा, गाळणी धुवा, हे सर्व करण्यापेक्षा डिझेलचा कॅन आणणे सोपे. युद्धकाळी जे निमूट केले ते लोकांनी हौसेने केले नव्हते, दुसरा मार्ग नव्हता म्हणून केले होते, हे या योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. यंत्राच्या पाठीमागे उभा असलेला तो काळाकुट्ट पोर आता कोण होणार, हा प्रश्न कागदावर कोणी मांडला नाही.

आज देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. सोलापूर जिल्ह्यात साखरेचे कारखाने इतके झाले, की मोटारीला देशी इंधन पाजण्याचा विचार आता भट्टीकडून मळीकडे आणि उसाच्या रसाकडे वळला आहे. २०२५ साली पेट्रोलमधील मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. हाही विचार नवा नाही. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याविषयीचा कायदा या देशात १९४८ सालीच झाला होता. कोळशाच्या मोटारीला जो प्रश्न विचारायचा राहिला तोच या नव्या मोटारीलाही विचारता येईल: एका खेपेमागे किती पाणी आणि किती जमीन? पावसाच्या भरवशावर ज्वारी काढणाऱ्या जिल्ह्याला हा हिशेब पंढरपूरच्या त्या खेपेइतकाच सोपा मांडून दाखविला पाहिजे, आणि तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

जाता जाता एक विनंती. आपल्या शहरात जुनी वर्कशॉपे आहेत, जुन्या मोटारमालकांची घराणी आहेत. कोणाच्या माळ्यावर पेट्रोलचे कूपन, गॅस प्लँटची पावती, जुना परवाना, किंवा पाठीमागे भट्टी बसविलेल्या मोटारीपुढे उभ्या माणसांचे छायाचित्र पडलेले असेल, तर ते रद्दीत घालू नये. छायाचित्रात ड्रायव्हर असेल, मालक तर असेलच. कडेला दांडा धरून एखादा मुलगा उभा असेल तर त्याचे नाव कोणाला आठवते का, तेही विचारून मागे लिहून ठेवावे.